राजा, हत्ती आणि रांगोळी

सहा नाणी आणि तीन वाटे. प्रत्येकी दोन. आमच्या घरात एवढा सोपा हिशोब कधी झालाच नव्हता, त्यामुळे इथंच काहीतरी घोळ होणार हे मला आधीच कळायला पाहिजे होतं.

बाबा गेले, त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही शुक्रवार पेठेतलं जुनं घर रिकामं करायला घेतलं. सोलापूरचा मे महिना काय असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको, पारा 43 वर, पंखा इकडची गरम हवा फक्त तिकडं करतोय आणि आई, काका, आत्या, मी असे सगळे शहाबादी फरशीवर ओलं फडकं मारून त्याच्यावर बसलेलो. भांडी झाली, गाद्या झाल्या, चादरींचा ढीग झाला (आमच्याकडं तीन प्रकारच्या चादरी असतात, पाहुण्यांच्या, रुखवतात आलेल्या आणि कुणालाच द्यायची नाही अशी एक) आणि मग देव्हाऱ्याच्या खणातून आजीची पितळी डबी निघाली. डबीत पाच चांदीचे रुपये. हे सगळ्यांना माहीत होते, दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला तेच निघायचे.

सहावा माहीत नव्हता. पणजोबांची पत्र्याची ट्रंक होती, तिच्या तळाशी त्यांचा कसा होता, म्हणजे कमरेला बांधायची ती कापडी लांबट पिशवी. पणजोबा जुन्या मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते, 1877 ला सुरू झालेली ती सोलापुरातली पहिली मिल, पगार झाला की त्या कशात घालून चालत घरी यायचे म्हणे. रिकामी पिशवी म्हणून आई टाकून देणार होती तेवढ्यात आत्याच्या बोटाला शिवणीत काहीतरी कडक लागलं. तिनं दातानं दोरा तोडला आणि काळा ठिक्कर गोल तुकडा फरशीवर पडला. पडला तो असा वाजला की सगळे गप्प. शिसं पडलं तर बद्द आवाज येतो, हा लांबवर खणखणत गेला.

"चांदी हाय की रे," आत्या म्हणाली. "आवाज ऐक."

मग काका म्हणाले, "एकेक कितीला जात असेल?"

ह्या नाण्यांबद्दल हा प्रश्न आमच्या घरात कुणी पहिल्यांदाच विचारला असेल. वाईट हेतूनं नव्हे हं, वाटे करायचे तर किंमत नको का कळायला. दोन-दोन सरळ उचलता आले असते, पण एकावर राणी, एकावर बोडका राजा (आजी एडवर्डला बोडका म्हणायची, कारण त्याच्या डोक्यावर मुकुट नाही), राणीला कडी झाळलेली, एक एकदम काळं. उद्या कळलं की एकाच्या वाट्याला लाखाचं गेलं तर? लाखाचं हा शब्द काकांच्या पोरानं, बाळ्यानं काढला. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ बघितलेला.

बाळ्याचं प्रकरण थोडक्यात उरकतो कारण त्याला ते वाचायला लागणार आहे. त्यानं फोटो कुठंतरी टाकले, दुसऱ्या दिवशी फोन, हिंदीतून, फार गोड माणूस, तुमच्या राणीछाप नाण्याला चार लाख मिळतील फक्त रजिस्ट्रेशनचे हजार रुपये भरा. भरले. मग म्हणे जीएसटी. मग म्हणे रिझर्व्ह बँकेचा शिक्का लागतो त्याचे वेगळे, आणि तिथं काका मध्ये पडले. रिझर्व्ह बँकेनं 2021 च्या ऑगस्टमध्येच जाहीर केलेलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात आमचा काही संबंध नाही आणि आम्ही कसलं कमिशन मागत नाही. पण ते पत्रक कोण वाचतंय, व्हिडिओ सगळे बघतात. दोन हजार गेले. एका चांदीच्या रुपयात तेव्हा जेवढ्याची चांदी होती त्याच्यापेक्षा जास्त पैसे बाळ्यानं तिची किंमत काढण्यात घालवले, असं मी म्हटलं आणि तो दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही.

मग मी नाणी रुमालात बांधली आणि गाडीवर सराफाकडं गेलो. आमच्या घरच्यांचं जाणं-येणं असलेलं दुकान, तिसरी पिढी, काचेच्या पेटीत इलेक्ट्रॉनिक काटा. पोरानं एकेक नाणं चिमट्यानं उचलून काट्यावर ठेवलं. राणी, 1885, कडीसकट बारा ग्रॅम आणि वर थोडं. बोडका राजा, 1907, साडेअकराच्या आसपास. पाचव्या जॉर्जची दोन, त्यातलं एक 1917 चं आणि दुसरं 1911 चं, हे 1911 चं भरलं 11.42. सहाव्या जॉर्जचं एक, 1944 चं. आणि काळं नाणं, 11.60.

"मालक, मूळ वजन 11.66," तो म्हणाला. "एक तोळा. रुपया म्हणजेच तोळा होता ना."

हे मला माहीत नव्हतं, म्हणजे आपण तोळा-तोळा करतो पण तोळा हे रुपयाचंच वजन हे कधी डोक्यात आलं नव्हतं. 1835 ला कंपनी सरकारनं सगळीकडं एकच रुपया काढला तो 180 ग्रेनचा, तेवढाच तोळा, आणि 80 तोळ्यांचा शेर. म्हणजे खिशातलं नाणं हेच वजनाचं माप. आता विचार केला तर भारीच वाटतं, पगार मोजता मोजता हळदही तोलता येईल.

तो हिशोब करायला लागला. मूळ चांदी शंभरात 91.7, म्हणजे पूर्ण वजनाच्या रुपयात शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. त्यानं ग्रॅमला शंभरनं लावलं, भाव रोज उड्या मारतोय म्हणून तुम्ही तुमचा आकडा घाला. त्या भावानं पूर्ण नाणं 1069 ला जायला पाहिजे. पण मोडीला द्यायचं तर टंच, म्हणजे शुद्धता, कमी धरणार, कडीवाल्या नाण्यात टाक्याची घट वेगळी, आणि 1944 चं त्यानं बाजूलाच सारलं. "ही अर्धी." दुसऱ्या महायुद्धात, 1940 पासून, रुपयातली चांदी सरकारनं निम्म्यावर आणली, बाकी तांबं, निकेल, जस्त. कडेला बोट फिरवा म्हणाला, मधोमध खाच आहे, खाचेत नक्षी आहे. नकली पाडणाऱ्यांना जड जावं म्हणून ती घातलेली. मी बोट फिरवलं, होती खरंच. इतकी वर्षं ते नाणं बाकीच्यांच्या मांडीला मांडी लावून पूजेला बसत होतं, निम्मंच चांदीचं.

मला मात्र 11.42 डोक्यात राहिलं. 11.66 मधनं 11.42 गेले, 0.24 ग्रॅम. शंभरच्या भावानं बावीस रुपयांची चांदी. कुठं गेली? थोडी बाजारात हातोहात फिरताना झिजली असणार, ते खरं. पण 1917 चं पण फिरलंच असेल, ते एवढं झिजलेलं नाही. 1911 चं नाणं मी उन्हात धरलं तर राजाच्या बाजूला राजाच नाही. डोक्याचा आकार आहे, मुकुटाच्या जागी टेंगूळ, कान नाही, मिशी नाही. उलट्या बाजूला मात्र सगळं छान, फुलांची वेल, वन रुपी, साल, फारसी लिपीतली अक्षरं, सगळं वाचता येतंय. एकच बाजू गुळगुळीत.

ह्याचं उत्तर मला पुढच्या माणसाकडं मिळालं.

साखर पेठेत एक काका आहेत, बँकेतनं रिटायर झालेले, चाळीस वर्षं नाणी गोळा करतायत. ओळखीतनं ओळख काढून गेलो. त्यांनी आधी मला हात धुवून यायला लावलं, मग टेबलावर मऊ कापड अंथरलं, मग म्हणाले, "कडेला धर. तोंडाला बोट लावायचं नाही." आणि भिंग डोळ्याला लावून ते जे बसले ते अर्धा तास काही बोललेच नाहीत. त्यांच्या बायकोनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणून ठेवली, मी खात बसलो.

राणीच्या नाण्यावर व्हिक्टोरिया एम्प्रेस लिहिलंय, काका म्हणाले, म्हणजे 1877 नंतरचं, त्याच्या आधीच्यावर क्वीन असतं. आणि 1862 चं कधी सापडलं तर फार उड्या मारू नकोस, ते साल पुढं कितीतरी वर्षं तसंच छापत होते, खरं कुठल्या वर्षाचं ते खालच्या ठिपक्यांवरनं मोजतात. माझ्याकडं 1862 चं नव्हतंच पण मी मान हलवली. कडीवाल्या नाण्याचा विषय त्यांनी एका वाक्यात संपवला. "दागिना झाला हा. नाणं राहिलं नाही." मग त्यांनी कपाटातनं एक तांबडं नाणं काढलं, रामदरबाराचं, 1818, ईस्ट इंडिया कंपनी असं छापलेलं. लोक ह्याच्यासाठी लाखो मागतात म्हणाले, आणि कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही, ही यात्रेत विकायची टोकनं. त्यांच्याकडं अशी आठ-दहा होती, प्रत्येक कुणीतरी पाणावल्या डोळ्यांनी आणून दिलेलं.

मग 1911 चं हातात घेतलं. उलटी बाजू आधी बघितली आणि त्यांचा श्वास बदलला, खोटं नाही सांगत. "1911?" म्हणाले. सुलटी बाजू केली. भिंग लावलं. भिंग काढलं. परत लावलं.

गोष्ट अशी आहे. पाचवा जॉर्ज गादीवर आला आणि त्याचा रुपया 1911 ला निघाला, तेव्हा राजाच्या अंगावरच्या झग्यावर, छातीशी, एक बारका हत्ती होता, गळ्यातल्या मानाच्या माळेतला. पण पाडणाऱ्यानं सोंड एवढी आखूड केली आणि पाय असे काढले की लोकांना ते डुक्कर दिसायला लागलं. मुसलमान समाजात बोंबाबोंब झाली, की हे नाणं खिशात कसं ठेवायचं. सरकारनं घाबरून नाणी थांबवली, सुमारे सात लाख बाहेर गेलेली, राहिलेला मोठा साठा वितळवून टाकला आणि 1912 पासून हत्तीला व्यवस्थित सोंड आणि कान दिले. त्यामुळे 1911 चा रुपया म्हटलं की नाणीवाल्यांचे कान उभे राहतात. बघायचं काय तर तो हत्ती. डुकरासारखा दिसणारा हत्ती.

आणि आमच्या नाण्यावर तो हत्तीही नव्हता आणि डुक्करही नव्हतं. झग्याच्या जागी नुसती चकाकणारी चांदी, आरसा.

"कुणी घासलं हे?" काकांनी असं विचारलं जसं कुणी मारलं ह्याला विचारावं.

मी सांगितलं. आजी. दर दिवाळीला, धनत्रयोदशीच्या सकाळी, मोरीत पाटावर बसून, पांढरी रांगोळी आणि चिंचेचा कोळ. रांगोळी म्हणजे दगडाचं पीठच की, अंगठ्यानं गोल गोल घासायची ती. आणि आजी राजाचीच बाजू घासायची कारण लक्ष्मीपूजनाला तोंड वर ठेवायचं, हळदकुंकू तोंडाला लागणार, कुंकू वाळून चिकटून बसणार, मग पुढच्या वर्षी ते निघेपर्यंत घासायचं. उलट्या बाजूला कुंकूच नाही, म्हणून ती बाजू शाबूत. राजा असो की राणी, आजीच्या लेखी ती लक्ष्मीच होती, आणि लक्ष्मीचं तोंड मळकट ठेवायचं नसतं. सगळ्यात जास्त हेच का घासलं तर त्याचंही उत्तर मला गाडीवरनं येताना आठवलं. हे नाणं तिच्या सासूनं तिला लग्नात ओटीत घातलेलं, ते मधोमध ठेवायची ती, कुंकू त्यालाच जास्त.

लग्न झालं 1952 ला. आजी गेली 2009 ला. सत्तावन्न दिवाळ्या.

काका एवढंच म्हणाले, "चांदीच्या भावानं जाईल." आणि मग भाकरीचा तुकडा मोडत, थोडे चिडूनच, "माझी आईपण हेच करायची. सगळ्यांच्या आया हेच करायच्या. चांगल्या घरातली नाणी म्हणूनच वाईट असतात."

काळं नाणं त्यांनी शेवटी घेतलं. मी तोपर्यंत आशाच सोडलेली, किंबहुना मला त्याची लाज वाटत होती, एवढं काळं नाणं मी पण जाताना धुवायला घेतलेलं, टूथपावडरनं, आत्याचा फोन आला आणि राहून गेलं. दिव्याखाली तिरपं धरलं त्यांनी तर त्या काळ्यात निळी-जांभळी झाक आली, तेल सांडलेल्या पाण्यावर येते तशी. जॉर्जचा मुकुट, मिशी, झगा, माळ, आणि माळेत हत्ती, व्यवस्थित सोंडवाला. साल 1919. उलट्या बाजूला तळाच्या फुलाखाली टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीचं, कलकत्त्याच्या नाण्यावर काही खूण नसते. फार नाणी पाडली त्या वर्षी, दुर्मिळ बिर्मिळ काही नाही. पण अंगावरची रेष न् रेष जिवंत. चांदीवर हवेतल्या गंधकानं काळा थर चढतो, तो सावकाश आणि आपला आपण चढलेला असला की नाणीवाले त्याला हात लावत नाहीत, उलट त्याचेच पैसे देतात. सहामधलं हे एकच असं की चांदीपेक्षा थोडं जास्त मिळेल. थोडंच. बाळ्याचे दोन हजार वजा करून फार काही उरणार नाही.

म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात महाग नाणं ते, ज्याची कुणी कधी पूजा केली नाही आणि जे शिवणीत विसरून गेलं. ह्यावर मी घरी येताना पार्क चौकाच्या सिग्नलला थांबून बराच विचार केला आणि मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला.

विसरलं असं म्हणतो, पण विसरलं नसणार. 1919 चं नाणं पिशवीच्या शिवणीत आपोआप जात नाही, कुणीतरी सुई-दोरा घेऊन घातलं. का घातलं असेल ह्याचा एक अंदाज मला नंतर वाचताना आला. पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव एवढा चढला की रुपयाच्या आतली चांदी रुपयापेक्षा महाग झाली. लोक नाणी दाबून ठेवायला लागले, वितळवायला लागले, सरकारनं वितळवायला बंदी घातली. नाणी पुरेनात म्हणून 1917 च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा एक रुपयाची नोट काढली, आणि गंमत म्हणजे नोटेवर चित्र कशाचं तर चांदीच्या रुपयाचं. माणसाला कागद देताना त्याच्यावर चांदीचा फोटो. साचेखात्यातल्या माणसाला लंडनचा चांदीचा भाव कळत नसणार पण बंदा रुपया आणि कागदाचा रुपया ह्यातला कुठला शिवणीत घालायचा ते त्याला कळत होतं. पुढं दुसऱ्या युद्धात सरकारनं जुने चांदीचे रुपये चलनातनं काढून घेतले, जमा करा म्हणाले, तेव्हाही तो जमा झाला नाही. तो तिथंच होता, आणि पणजीला तरी ते माहीत होतं का, आता कोण सांगणार.

वाटे करायला आम्ही परत बसलो तेव्हा मी हे सगळं सांगितलं, भिंग, ठिपका, हत्ती, डुक्कर सगळं. डुकरावर सगळे हसले. रांगोळीवर कुणी हसलं नाही, आई उठून आत गेली पाणी आणायला. आत्यानं कडीवालं उचललं, सराफ ज्याच्यात घट धरणार होता आणि साखर पेठेतले काका ज्याला नाणं म्हणायला तयार नव्हते ते. लहानपणी काळ्या दोऱ्यात तिच्या गळ्यात होतं, कडी तिच्या बारशालाच लावलेली. दुसरं कुठलं पाहिजे विचारलं तर म्हणाली ते अर्धं दे मला, 1944 चं. काकांनी राणी गेली म्हणून बोडका राजा घेतला आणि 1917 चं. भाव कुणी काढला नाही. राहिली दोन, गुळगुळीत आणि काळं, ती आमच्याकडं.

साखर पेठेतल्या काकांनी काळं नाणं मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नको म्हणून सांगितलेलं, त्या पीव्हीसीनं नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. कागदाच्या पाकिटात ठेव, धुऊ नको, तेल नको, लिंबू तर अजिबात नको. मी पाकिटावर स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलं, धुऊ नये.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी फॅक्टरीतनं येईपर्यंत, अक्कलकोट रोडला त्या दिवशी काय ट्रॅफिक असतं सांगायला नको, आईनं सगळं मांडलेलं. पाट, रांगोळी, झेंडूची फुलं, लाह्या-बत्तासे, वही आणि तांब्याच्या ताम्हणात तांदळावर दोन रुपये. गुळगुळीत पांढरा मधोमध, काळा त्याच्या शेजारी. माझी नजर आधी मोरीकडं गेली. पाट कोरडा होता.

"वाचलं मी पाकिटावरचं," आई म्हणाली. "आंधळी नाही मी. पण असं काळं तोंड घेऊन लक्ष्मी बसवायची का मग?"

मी तिला गंधक सांगितलं, थर सांगितला, निळी झाक दिव्याखाली दाखवली. तिनं बघितली, बरी आहे म्हणाली. मग तिनं करंडा उघडला, अनामिकेनं हळद घेतली, मग कुंकू, गुळगुळीत नाण्याला लावलं आणि बोट तसंच काळ्यावर नेऊन माझ्याकडं बघत थांबली. कुंकवात काय काय घालतात आजकाल कुणास ठाऊक, चिकटून बसणार, पुढच्या वर्षी निघणार नाही, मग कुणीतरी अंगठा लावणार.

"आई, उलटं ठेव की," मी म्हटलं. "मागच्या बाजूला लाव."

"पाठीला कुंकू लावतात होय रे?"

बाहेर पोरांनी माळ लावली, बराच वेळ ती वाजत होती, आईचं बोट तिथंच.

"बरं," मी म्हटलं, "थोडंसंच लाव. कडेला."